धाकटीचे पलंग

अमरावतीत साईनगरच्या मागच्या लेआउटमध्ये 'पलंगवाल्या बाई' म्हटलं की लोक बोट करून गल्ली दाखवतात. आशाबाई गावंडेंच्या घरासमोर पत्र्याचं शेड आहे. त्यात हँडल फिरवलं की डोक्याकडून उंच होणारे दवाखान्यासारखे लोखंडी पलंग, वॉकर, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या. ज्याच्या घरी माणूस अंथरुणाला खिळलं असेल त्यानं यावं, लागेल ते न्यावं, गरज संपली की आणून द्यावं. भाडं नाही, अनामत नाही. फक्त पलंग मळका परत आला तर आशाबाई असं तोंडसुख घेते की आणणारा दारातच पुसायला बसतो.

सुरुवात महादेवरावांच्या पलंगापासून झाली. नवऱ्याला लकवा मारला आणि आशाबाईची कितीतरी वर्षं त्या एका खोलीत गेली. कूस बदलून द्यायची, भरवायचं, पाठीला पावडर लावायची. ते गेले आणि पलंग तेवढा उरला. तो बघवेना आणि विकवेना. गल्लीतल्या एका म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा आशाबाईनं तो उचलून दिला. परत आला तेव्हा सोबत कोणाचा तरी दुसराही आला. तसला पलंग काम झाल्यावर कोणालाच घरात नको असतो. लोकांना नको झालेल्या वस्तूंनीच तिचं शेड भरलं.

वस्तू मिळाल्या, पण शेडवर पत्रे हवेत, पलंगांना रंग हवा, चाकं हवीत. त्यासाठी पैसे मागायला ती दारोदार फिरली. पदर खोचून उभी राहायची आणि थेट म्हणायची, "तुमच्या घरचा पेशंट आमच्या पलंगावर झोपला होता. आता काय देता?" लोक देत, पण दार लोटता लोटता देत. नगरसेवकानं निवडणुकीआधी पक्की खोली कबूल केली होती. निवडून आल्यावर तो ती गल्लीच विसरला.

तिची धाकटी बहीण सीमा अकोल्यात दिलेली. हसरी, गोरीपान, कोणाच्याही स्वयंपाकघरापर्यंत सहज जाणारी. एका दिवाळीला ताईकडेच माहेरपणाला आली तशी शेडमध्ये फिरली आणि म्हणाली, "ताई, मीबी सुरू करू का वं असं अकोल्यात?"

"कर ना. पुण्याचं काम हाय," आशाबाई म्हणाली, आणि बसवर जाताना तिच्यासोबत एक वॉकर बांधून दिला. तेव्हा तिला खरंच आनंद झाला होता.

आनंद टिकला तो सीमाचा फोटो पेपरात येईपर्यंत. सीमा पैसे मागायला जातच नसे. ती शेठाण्यांकडे बसायला जायची, त्यांच्या सासूचं दुखणं ऐकायची, डोळ्यांत पाणी आणायची. मग शेठच विचारायचे, "सीमाताई, आम्ही काय करू?" डाळमिलवाले धर्मेंद्रशेठ तर आईच्या नावानं हॉल बांधून द्यायला उभे राहिले. अमरावतीत ज्याला त्याला ते कळलं. भाजीवालीसुद्धा म्हणाली, "बाई, तुमची बहीण लय मोठं काम करून राहिली."

"हो ना," आशाबाई म्हणायची, आणि भेंडी अशी मोडून बघायची की भाजीवाली टोपली मागं ओढायची.

हॉलच्या उद्घाटनाला सीमानं तिला स्टेजवर बसवलं. खाली नवे कोरे पलंग रांगेत मांडलेले, वर पांढऱ्या चादरी, प्रत्येकाच्या पायथ्याशी दात्याच्या नावाची पाटी. आशाबाईच्या मनात आलं, एखाद्याचं चाक तरी करकरत असेल. पण सगळी चाकं रबराची होती. मग सीमा बोलायला उठली. "माह्या भाऊजींची सेवा करताना मले समजलं, की अंथरुणावरच्या माणसाले काय लागते..."

आशाबाईच्या कानात दडे बसले. सेवा? इतक्या वर्षांत ही किती वेळा आली? द्राक्षं घेऊन यायची, दारात उभी राहून "भाऊजी, कसे आहात?" विचारायची आणि नाकाला पदर लावायची. आणि आज महादेवरावांचं आजारपणसुद्धा हिनंच घेतलं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारचा शेठ बघतो आहे म्हणून आशाबाईनंही वाजवल्या. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, तरी तिच्या तोंडात त्या समारंभातल्या पेढ्याची कडू चव घोळत होती.

पुढच्या महिन्यात तिच्या दारात टेम्पो येऊन थांबला. सीमानं अकोल्याहून नवे पलंग पाठवले होते. ताईला आधी सांगितलं नव्हतं, अचानक द्यायचे होते. आशाबाईला पलंगांची नड होती. होते ते सगळे पलंग बाहेर गेल्यानं शेड रिकामं पडलं होतं, लोक विचारून विचारून जात होते. नासिर गादीवाला तर रोज चक्कर मारायचा. त्याची आई गुलनारबी पडून होती, पाठीला जखमा व्हायला लागल्या होत्या. आणि शेडमधल्या निम्म्या गाद्या याच नासिरनं कापूस पिंजून फुकट भरून दिलेल्या.

आशाबाई टेम्पोजवळ गेली. पहिल्याच पलंगावर पाटी होती : 'सीमाताई मित्र परिवार, अकोला यांजकडून सप्रेम भेट.'

"कोणाची ताई?" ती ड्रायव्हरला म्हणाली.

"जी?"

"काई नाही. परत ने."

"अवं बाई, इतक्या दुरून आणले. काहून परत नेऊ?"

"जागा नाही म्हणून सांग."

ड्रायव्हरनं रिकाम्या शेडकडे बघितलं, मग तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं टेम्पो वळवला.

दुसऱ्या दिवशी नासिर आला. भांडायला नव्हता आला. शेडच्या कडेला उकिडवा बसला आणि म्हणाला, "मावशी, काल टेम्पो आल्ता म्हणे. पोरायनं सांगतलं. पलंग होते त्याच्यात. मी समजलो, अम्मीचं काम झालं." मग त्यानं विचारलं, "खराब होते का ते?"

आशाबाईनं पदर खोचला, पुन्हा सोडला. खराब होते म्हणावं तर जीभ वळेना. नव्हते म्हणावं तर पुढचा प्रश्न होता. नासिरनं तो विचारला नाही, हेच तिला जास्त लागलं. तो गेल्यावर तिनं दोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि अकोल्याची बस धरली.

सीमा हॉलमध्येच होती. बहिणीला बघून हसली नाही. "जागा नव्हती म्हणे तुह्याकडं."

"जागा होती," आशाबाई म्हणाली. "मले पाहवलं नाही. तुया हॉल, तुया फोटो. तुया भाऊजीचं गू-मूत म्या काढलं अन् भाषण तू केलं."

सीमाचा चेहरा उतरला. ती पलंगाची चादर ओढून सारखी करू लागली. "ते चुकलंच माह्यं," ती म्हणाली. "लोकं आयकून राहिले होते, तोंडातून निंघून गेलं. पण ताई, एक सांगू? तुले मागताच येत नाही वं. तू दारात उभी रायली की लोकायले वाटते जप्ती आली."

आशाबाईला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला. "मंग तू काय करतेस? रडतेस शेठाण्यांपाशी!"

"रडते. त्याच्यानं पलंग येतात."

आशाबाईनं फडकं सोडलं. सोबत आणलेल्या भाकऱ्या दोघींनी ठेच्याशी खाल्ल्या. संध्याकाळच्या आत टेम्पो पुन्हा भरला आणि आशाबाई ड्रायव्हरच्या शेजारी बसून अमरावतीला आली. पाट्या काढून टाकाव्यात असं वाटेत तिला अनेकदा वाटलं. ड्रायव्हरकडे पाना आहे का, हेही तिनं विचारून घेतलं. पण पहिला पलंग थेट नासिरच्या घरी उतरवायचा होता आणि गुलनारबीला चौघांनी उचलेपर्यंत पाट्यांचं भान कोणालाच राहिलं नाही. पाठ टेकल्याबरोबर म्हातारीनं असा सुस्कारा सोडला की नासिर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आशाबाईनंच हँडल फिरवून तिला डोक्याकडून उंच करून दिलं, पाठीखाली उशी सरकवली, आणि जखमेवर काय लावायचं ते सुनेला समजावून सांगितलं.

पलंग आले म्हणून हेवा गेला असं मात्र झालं नाही. सीमाचे पलंग आता साईनगरातून तिवस्यापर्यंत जातात आणि जिथं जातात तिथं सीमाचं नाव घेऊन जातात. लोक आशाबाईला म्हणतात, "तुमच्या बहिणीचे उपकार." ती "हो ना" म्हणते आणि मळक्या गादीवरून समोरच्यालाच फैलावर घेते.

परवा धर्मेंद्रशेठनं सीमाला रुग्णांना न्यायला गाडी दिली. गाडीपुढं हार घालून उभ्या असलेल्या सीमाचा मोठा रंगीत फोटो पेपरात आला. शेजारची प्रणाली तो घेऊन धावत आली. आशाबाईनं चष्मा लावला, फोटो जवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला.

"कशी दिसून राहिली?" प्रणालीनं विचारलं.

"जाड झाली," आशाबाई म्हणाली, आणि पेपर ठेवून घेतला.