सिस्टरबाईंची रविवारची बैठक

सिस्टरबाई चिडल्या की त्यांचा आवाज चढायचा नाही, उतरायचा. दवाखान्यातले डॉक्टरही तो खालचा आवाज ऐकून खुर्चीतून उठायचे. त्या मूळच्या जामखेडजवळच्या खर्ड्याच्या. नर्सिंग शिकायला मध्य प्रदेशातल्या मिशनच्या दवाखान्यात गेल्या आणि तिथे क्वेकर झाल्या. निवृत्तीनंतर जामखेडला आमच्या शेजारी भाड्याने राहायला आल्या.

क्वेकर म्हणजे ख्रिस्ती लोकांतला एक छोटा पंथ. पाद्री नाही, गाणी नाहीत. रविवारी सकाळी बाईंच्या पुढच्या खोलीत चार-पाच बायका सतरंजीवर तासभर निःशब्द बसायच्या. आतून अगदी राहवलं नाही, तरच उठून बोलायचं. आम्ही मुसलमान, तरी अम्मी मला घेऊन जायची. "हितं कुनी आपला देव सोडायचा न्हाई," बाई सांगायच्या. "खरं काय हाय, तेवढं ऐकायचं." मला डुलकी लागली की गुडघ्यावर टपली बसायची.

एका रविवारी घरमालकाची सून सुनीता उठली. "मला घरात मारत्यात. काल पट्ट्यानं मारलं," एवढं बोलून खाली बसली. कुणी काही बोललं नाही. रीतच तशी, बोललेलं मुरू द्यायचं. मग बाईंनी शेजारी बसलेल्या बाईचा हात हातात घेतला, ही प्रार्थना संपल्याची खूण. चपला घालून म्हणाल्या, "चल सुनीता, पोलीस ठाण्यात."

दारातच घरमालकाने अडवलं. "बाई, तुमी शांततावाल्या. गप बसा की."

"आमी बसतो ते ऐकायला. ऐकून गप बसायला न्हाई."

तक्रार झाली, सुनीता माहेरी गेली. आणि आठवड्यात गावभर आवई उठली, की बाई बायकांना बाटवतात. ज्यांच्या गळवांना बाईंनी फुकट पट्ट्या बांधल्या, तेच दारात येऊन शिव्या घालू लागले. सुनीताच्या पाठीवरचे वळ यांतल्या एकालाही दिसले नाहीत. मालकाने खोली खाली करायला लावली. "बैठक बंद करते म्हणा, राहू देतील," अम्मीने विनवलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि सामान टेम्पोत चढवून खर्ड्याला भावाकडे गेल्या.

यंदा तिथेच त्या वारल्या. घरमालक आता निवडणुकीला उभा आहे. त्याने चौकात शोकसभा घेतली, बाईंच्या फोटोला हार घातला आणि माईकवर म्हणाला, "दोन मिनिटं मौन पाळू."

सगळे उभे राहिले. मी मोठ्याने म्हणाले, "याच माणसाने त्यांना घराबाहेर काढलं. सुनेला मारलं त्याची तक्रार केली म्हणून."

सभा मोडली. त्याची माणसं अंगावर धावून आली, अम्मीने मला ओढत घरी नेलं. अजून गल्लीत लोक विचारतात, मेलेल्या बाईसाठी कशाला वैर घेतलंस?

मी त्यांना सांगते, सुनीता जिवंत आहे.