अधिष्ठात्यांच्या नावाचा जंतू

आमच्या स्फॅक्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दलन्दा सव्वीस वर्षं काचेच्या बशा धूत होती. मी गाडीचालक. खाऱ्या सरोवराचा चिखल मी आणायचा, त्यातले जंतू वाढवण्यासाठी बशांमध्ये खाद्य तिनं ओतायचं आणि शोध प्राध्यापक लझहर यांनी लावायचे, अशी विभागणी होती.

सात दिवसांत काही न उगवलेली बशी फेकायची, असा प्राध्यापकांचा हुकूम होता. दलन्दाला तो पटेना. "त्या चिखलात कुणाला कसली घाई?" ती म्हणायची. तिनं खाद्य दहापट पातळ केलं, बशा चिकटपट्टीनं बंद करून फडताळामागे ठेवल्या. चौथ्या महिन्यात टाचणीच्या टोकाएवढे गुलाबी ठिपके दिसले.

"घाण आहे, फेक," प्राध्यापक म्हणाले.

तिनं एक बशी तपासणीला पाठवली. जंतू कुठल्याच ओळखीच्या कुळात बसेना. त्याबरोबर प्राध्यापकांना स्वतःची चिकाटी आठवली. त्यांनी जंतूला अधिष्ठात्यांचं नाव द्यायचं ठरवलं आणि बदामाची मिठाई वाटली.

"नाव शोभतंय हो," दलन्दा मिठाई खात म्हणाली. "चार महिने काही करत नाही, मग नुसता फुगतो."

हे अधिष्ठात्यांपर्यंत पोचलं. तिची बदली परीक्षेच्या कोऱ्या कागदांच्या कोठारात झाली. जाताना उरलेल्या तीन बशा तिनं खोक्यात घालून नेल्या. कुणी विचारलंही नाही.

नाव पक्कं व्हायला जिवंत जंतू दोन देशांच्या संग्रहांत जमा करावा लागतो. प्राध्यापकांनी लवकर वाढावा म्हणून त्याला दाट, पौष्टिक रसात बुडवलं. आठवड्यात तो मेला. मग ते कोठारात आले.

"लल्ला दलन्दा, तुमच्याकडे एखादी बशी..."

इतक्या वर्षांत तिला 'लल्ला' पहिल्यांदाच ऐकू आलं. मान ठेवून बोलावतात तसं. तिनं खुर्चीसुद्धा दिली नाही.

"आहेत. शोधनिबंधावर माझं नाव घाला."

"अहो, बशा धुणाऱ्यांची नावं घालत नाहीत!"

"मग अधिष्ठाते राहतील बिननावाचे."

प्राध्यापक दोन दिवस रुसले, तिसऱ्या दिवशी कबूल झाले. निबंध छापून आला. तिचं नाव दुसऱ्या क्रमांकावर होतं, त्यात एक अक्षर चुकलेलं. संध्याकाळी ती ते छापील पान घेऊन घरी गेली.

"हा जंतू खायचा की औषधाचा?" नवऱ्यानं विचारलं.

"कशाचाच नाही," ती म्हणाली आणि पान भिंतीवर चिकटवून चुकलेलं अक्षर पेनानं दुरुस्त केलं.