फुलबॅकच्या हातात बॉल

आमच्या मोहल्ल्यात फुटबॉल म्हणजे घरातलंच माणूस. माझे वडील फुलबॅक, म्हणजे गोलसमोर बचावाला उभे राहणारे, मीही फुलबॅक. मुलगी झाली तेव्हा मैदानावरच्या म्हाताऱ्यांनी आधी तिचे पाय पाहिले. तीही फुलबॅकच झाली आणि आम्हा दोघांपेक्षा सरस निघाली. हे बाप म्हणून कौतुक नाही. बाप म्हणून मी तिला मैदानाबाहेरून फक्त ओरडत आलो.

मग कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांनी तिच्या डोक्यात रग्बी भरली. फुटबॉलच्या राज्य टीमसाठी मुलींची रांग असते, रग्बीला मुली शोधून आणाव्या लागतात. राज्याकडून खेळलं की सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेट असलं की नोकरीत खेळाडूंची राखीव जागा. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि म्हणूनच माझा जास्त जळफळाट व्हायचा. पहिल्यांदा तो हातात धरून पळायचा लांबुळका बॉल घेऊन ती मैदानावर आली तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "काय वं, कळमन्याच्या बाजारातून पपई आणली का?" सगळे खो खो हसले.

हेच लोक वर्ल्ड कप आला की सीताबर्डीतून परदेशी टीमच्या जर्सी आणतात आणि गल्लीत झेंडे लावतात. आमच्या मुलींच्या मॅचला मात्र कुत्रं फिरकत नाही. तरी रग्बीला हसायला यांची तोंडं तयार. मला हसू येत नव्हतं, पोरगी फुटबॉलपासून कायमची तुटेल याची धास्ती वाटत होती.

या वर्षी मोहल्ल्याच्या स्पर्धेत मुलींची टीम पुरी होईना. मी तिला म्हटलं, "एक मॅच खेळ वं माय. मंग तुले काय करायचं ते कर." मनात होतं की एकदा मैदानात उतरली की आपोआप परत येईल.

"मले सराव नाही राहिला, बाबा," ती म्हणाली. पण आली.

पहिल्या हाफमध्ये तिनं समोरच्या मुलीच्या पायातून बॉल असा अलगद काढला की मी उठून उभाच राहिलो. वाटलं, आली परत. शेवटपर्यंत बरोबरी होती. मग त्यांनी कॉर्नर मारला. बॉल उंच आला, आमच्या गोलसमोर, सरळ तिच्याकडे. डोक्यानं मारून बाहेर काढायचा बॉल. तिनं तो दोन्ही हातांनी झेलला, छातीशी घट्ट धरला आणि पळत सुटली. शिट्टी ऐकल्यावर थांबली आणि हातातल्या बॉलकडे बघत राहिली.

लोक पोट धरून हसले. पेनल्टीवर गोल झाला आणि आम्ही हरलो.

घरी जाताना ती गाडीवर माझ्यामागे बसली होती. मी विचारलं, "मुद्दाम केलं काय?"

"नाही बाबा. मी हेड मारायलेच गेली होती. हातच आधी गेले."

तिनं मुद्दाम केलं असतं तर भांडलो असतो, अबोला धरला असता, मग कधीतरी तिची समजूत काढली असती. आता समजूत कुणाची काढू, हातांची?