दुसऱ्या अपत्याचा चौकोन

कोथरूडमधल्या त्या छोट्या कंपनीत मला टेस्टिंगसाठी घेतलं होतं. दुसऱ्यांनी बनवलेली वेबपानं उघडायची, प्रत्येक बटण दाबायचं, चुका तक्त्यात लिहायच्या. या कामात फारसं बोलावं लागत नसे, म्हणून सगळ्यांना वाटायचं की ते मला मानवतं. मला कोड लिहायचा होता. हे मी दीड वर्ष कोणालाही सांगितलं नाही.

एका शिकवणी वर्गाचा ऑनलाइन प्रवेशअर्ज आम्ही बनवला होता. ऑफिसच्या वायफायवर तो झटकन उघडे. पालकांच्या स्वस्त फोनवर मात्र पान बराच वेळ पांढरं राही. मी वारज्याला घरी बाबांच्या फोनवर उघडून पाहिलं. पान दिसेपर्यंत बाबांची दाढी करून झाली.

कारण मला ठाऊक होतं. आमच्याकडे नवीन काम म्हणजे जुन्या कामाचं फोल्डर कॉपी करणं. त्यातून एक भलीमोठी जावास्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडचा गठ्ठा, प्रत्येक साइटमध्ये येई, सोबत कॅलेंडर, फोटो सरकवणारी पट्टी आणि कशासाठी आहेत हे कुणालाच न आठवणाऱ्या दोन-चार फायली. अर्जाला लागत होतं काय? पानावरचा एखादा चौकोन शोधणं, तो दाखवणं किंवा लपवणं, क्लिक ऐकणं. एवढ्यासाठी मी एक लहान लायब्ररी हेरून ठेवली होती. तिचे भाग सुटे होते. हवे ते घ्यायचे, बाकीचे पानात येतच नसत.

मी टीम लीडच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. वाक्य मनात इंग्रजीत तयार होतं, तोंडातून मराठीत अर्धंच निघालं.

“सर, तो अर्ज... मी परत लिहू का?”

“का? चालत नाहीये?”

“चालतो. उशिरा चालतो.”

“बसही उशिरा येते. म्हणून ती कुणी परत बांधत नाही.”

मी हलले नाही. थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली. “शुक्रवारी क्लासच्या ऑफिसात दाखवा. चाललं तर पुढचं हजेरीचं पान तुमचं. नाही चाललं तर जुनं परत टाकायचं आणि तुम्ही तुमचा तक्ता भरायचा.”

शुक्रवारी क्लासच्या रिसेप्शनवरच्या बाईंनी स्वतःच्या फोनवर मी त्या लहान लायब्ररीवर नव्याने लिहिलेला अर्ज उघडला. चष्मा लावेपर्यंत तो समोर आला होता. त्या एक अर्ज भरू लागल्या. सर खिडकीतून खाली लावलेल्या गाड्या बघत होते.

“अहो, हे दुसरं अपत्य घेतच नाही,” बाई म्हणाल्या.

‘आणखी एक अपत्य’ हे बटण दाबलं की नवा चौकोन येत होता. त्यात इयत्ता निवडली की खाली विषय दिसायला हवे होते. ते दिसत नव्हते.

“एकावर थांबा म्हणावं,” सर म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. “आमच्याकडे शिवणे-वारज्याची एकत्र कुटुंबं येतात. सख्खी, चुलत, सगळ्यांचे अर्ज एकदम भरतात.”

मी एकुलती एक. ऑफिसात ज्यांनी अर्ज भरून पाहिला त्या सगळ्यांना एकेकच मूल. चौकोन आलेला पाहून मी तक्त्यात बरोबरची खूण केली होती. तो भरून बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

“जुनं टाकतो परत,” म्हणत सरांनी लॅपटॉप उघडला.

“नको.” माझा आवाज मलाच मोठा वाटला. बाकावर बसलेले पालकही वळून बघू लागले. “मला कारण माहीत आहे. अर्धा तास द्या.”

पान उघडताना जे चौकोन होते, त्यांच्यावरच क्लिक ऐकायची सोय मी केली होती. मागाहून आलेला चौकोन बहिराच राहिला. संपूर्ण अर्जावर एकदाच कान ठेवायचा आणि क्लिक कुठून आला ते बघायचं, असा एक भाग त्या लायब्ररीत वेगळा होता. नको म्हणून मी तो वगळला होता. हे सगळं मी सरांना बाईंच्या आणि त्या पालकांच्या देखत समजावून सांगितलं. वाक्यं अडखळत होती, पण मी ती पूर्ण केली.

“म्हणजे पानाचं वजन वाढणार,” सर म्हणाले.

“दोन केबी. तुमच्या कॅलेंडरमधल्या बाणाचं चित्र याहून मोठं आहे.”

‘तुमच्या’ म्हणायचं नव्हतं, निघून गेलं. सरांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

वीस मिनिटांनी बाईंनी दुसरं अपत्य भरलं. मग कुणी न सांगता तिसरं भरलं, तेही नववीचं, सेमी इंग्रजी. विषय दिसले. त्यांनी बाकावरच्या एका बाईंना हाक मारली, “या हो, तुमचा घेऊ आता.”

जिना उतरताना सर एवढंच म्हणाले, “सोमवारपासून हजेरी.”

सोमवारी तक्ता दुसऱ्या कुणाकडे गेला. मी लगेच कोड लिहायला घेतला नाही. आधी रिसेप्शनवरच्या बाईंना फोन लावला. हजेरी कोण घेतं, उभ्याने की बसून, कुठल्या फोनवर, हे विचारायचं होतं. अनोळखी माणसांशी फोनवर बोलायला मला अजूनही नको वाटतं. प्रश्न कागदावर लिहून घेतले होते. रिंग वाजत असताना मी फोन ठेवला नाही.