निळं पेन

परवा रोह्यात बायकांना अर्ज लिहायला शिकवत होते. एकीनं शाईच्या पेनाचं टोपण काढलं आणि त्या वासासरशी मी पेणच्या आमच्या ओटीवर पोचले.

वडील आमदार होते. शिफारसपत्रावर सही करताना त्यांना पेन मी द्यायची. हिरवी सही म्हणजे काम करा, निळी म्हणजे सोडून द्या. हे साहेबलोकांना ठाऊक, मागणाऱ्यांना नाही.

कासूची एक बाई आली. नवरा कंपनीत भाजलेला, मुंबईच्या हॉस्पिटलात खाट हवी होती. तिच्या वाडीनं आम्हाला मतं दिली नव्हती.

"दुसरं पेन दे," वडील म्हणाले. मी निळं दिलं.

पत्र पदरात बांधून तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "मोठी हो गो बाय."

आठवड्यात तिचा नवरा गेला. मला मात्र पेन चुकलं नाही याचा अभिमान होता.