पुढाऱ्याच्या वाट्याचं एक वाक्य

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करता करता आत्या ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची. नव्या बायकांना वाटायचं, हिचं डोकं फिरलंय. कसलं फिरलंय! ती पिढ्या म्हणत होती. तिच्या माणसांत लिहायची रीतच नव्हती. कोण कुणाचा, कोणी कुठल्या ओढ्यापर्यंतची जमीन राखली, हे सगळं एकाच्या तोंडी असायचं, आणि बापामागे ते हिच्या तोंडी आलं होतं. त्यात प्रत्येक माणसाला एकच वाक्य मिळायचं. पणजी, जिने झरा शोधला. आजा, ज्याने भावांची भांडणं मिटवली. माणूस जन्मभर काही का करेना, मागे उरायचं ते तेवढंच.

पुढारी तिचा चुलत भाऊ. लहानपणी तिला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडणारा. खाणवाले आले तेव्हा त्यानेच साहेबासमोर जबाब दिला, ‘ही जमीन रिकामी आहे, इथे कधी कुणी राहिलंच नाही.’ बदल्यात त्याला खाणीवर मुकादमाची नोकरी लागली. सात घरं पाडली. आत्याची आई हातातल्या भांड्यांसकट रस्त्यावर आली आणि त्याच थंडीत गेली. पुढाऱ्याचं वाक्य आत्याने तेव्हाच ठरवून टाकलं. सव्वीस वर्षं तिने ते इस्त्रीखाली तापवत ठेवलं होतं म्हणा ना!

आता खाण बंद पडली होती आणि जमिनीवर मूळ घरांचा दावा लागला होता. अधिकारी पिढ्या ऐकून लिहून घेणार, आणि घराण्याच्या ज्या शाखेची त्याखाली सही, तिलाच वाटा. आडवा येत होता तो फक्त पुढाऱ्याचा जुना जबाब.

वकीलबाई हात जोडून म्हणाल्या, “आत्या, त्याचं नुसतं नाव घ्या. जुनं काही आठवत नाही, असं सांगायला तो तयार झालाय. बिथरून जुन्या जबाबावर अडून बसला, तर सगळ्यांचंच जाईल.”

“बघू,” आत्या म्हणाली.

सुनावणीला पुढारी केस काळे करून, सुनेला घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. शर्टाची कॉलर कुणी इस्त्री केली होती देव जाणे, चुरगळलेलीच होती. आत्या उभी राहिली. टायपिस्ट टाइप करत गेला. सहा पिढ्या झाल्या, सातवी आली.

“त्याचा मुलगा पुढारी, ज्याने नांदती सात घरं रिकामी सांगितली आणि सख्ख्या काकूला रस्त्यावर काढलं.”

टायपिस्टचे हात थांबले. वकीलबाईंनी कपाळ धरलं. पण शब्द मागे घेईल ती आत्या कसली!

अधिकाऱ्याने विचारलं, “मान्य असेल तर सही करा. नसेल तर तसं लिहून द्या.”

“बाबा, खोटं असेल तर सांगा ना!” सून म्हणाली.

पुढाऱ्याने मागे वळून पाहिलं. सातही घरांची माणसं त्याच्याकडे बघत होती. एकानेही नजर हटवली नाही. त्याने पेन घेतलं आणि सही केली. घरं नांदती होती हे आता त्यानेच कबूल केलं होतं, म्हणून अधिकाऱ्याने जुना जबाब रद्द केला. दावा मंजूर झाला.

माणसं रडली, एकमेकांच्या गळ्यात पडली. पुढाऱ्याने आत्याला जिन्यापाशी गाठलं.

“तायडे, जमीन माझ्या सहीने आली. आता तरी माझं वाक्य बदल.”

“का?”

“का म्हणजे? मी मेल्यावर माझी नातवंडं हेच म्हणतील गं!”

“म्हणतीलच. मीच पाठ करून घेणार आहे त्यांच्याकडून.”

“सख्ख्या भावासारखा होतो मी तुला.” त्याचे डोळे भरून आले. “एवढं माफ कर.”

“आई दाराची चौकट धरून तुझ्या विनवण्या करत होती, तेव्हा तू तिला काय म्हणालास, आठवतंय?”

त्याने बाहीने डोळे पुसले.

“‘काकू, एकदा कागदावर गेलं ते आता बदलत नाही.’ मी तिथेच उभी होते, दादा.”

किती वर्षांनी ती त्याला दादा म्हणाली! पुढारी कठडा धरून खाली बसला. आत्याला त्याची दया आली नाही, जरासुद्धा नाही. दुपारची पाळी गाठायची होती, म्हणून ती भराभर जिना उतरून गेली.