सही अण्णांची, मत माझं

प्रेमाच्या कादंबऱ्यांत नायिकेचा चहा नेहमी उतू जातो, हे माझं पहिलं साहित्यिक मत. ते मी अठराव्या वर्षी लिहिलं आणि त्याखाली सही होती माझ्या वडिलांची.

परभणीहून झरीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव. गावात एक वाचनालय होतं, म्हणजे एक लांब खोली, दोन कपाटं आणि वर्तमानपत्रांचं एक टेबल. दर दोन-तीन महिन्यांनी परभणीहून नव्या कादंबऱ्यांचा गठ्ठा यायचा. त्यात मुख्यतः दोन प्रकार असत, प्रेमाच्या आणि जादूच्या. त्या पुरुष माणसं आपल्या नावावर घरी न्यायची आणि घरातल्या बायका वाचायच्या.

एकदा एका मोठ्या घरची सून प्रेमाची कादंबरी वाचता वाचता रुसून माहेरी निघून गेली. रुसायला त्या घरात कारणं भरपूर होती, पण ती कुणी तपासली नाहीत. ठपका कादंबरीवर आला. वाचनालयाच्या कमिटीने ठरवलं, यापुढे प्रत्येक नवी कादंबरी एखाद्या जबाबदार माणसाने आधी वाचायची, वहीत ‘कुटुंबात देण्यास योग्य’ किंवा ‘अयोग्य’ असं लिहायचं, खाली अभिप्राय आणि सही करायची. मगच पुस्तक कपाटात जाणार.

गावात जबाबदार माणसं पुष्कळ होती, पण प्रेमाची कादंबरी हातात धरून चारचौघांत बसायला एकही तयार होईना. शेवटी ग्रंथपालकाका आमच्या वस्तीत, आमच्या घरी आले.

“गुरुजी, तुमचा शब्द गावात कोणी खाली पडू देत न्हाई. ही जिम्मेदारी तुमीच घ्या.”

अण्णा शेजारच्या गावात हेडमास्तर होते. कादंबऱ्या म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. तरी ते नाही म्हणाले नाहीत. त्याचं कारण मला ठाऊक होतं. याच वाचनालयाच्या पायरीखाली उभं राहून माझ्या आजोबांनी वर्तमानपत्र ऐकलं होतं. वर या असं त्यांना कधी कुणी म्हटलं नव्हतं. आता त्यांचा मुलगा गावाच्या घराघरांत काय वाचलं जावं ते ठरवणार होता. नामांतराचा ठराव होऊन काही वर्षं झाली होती, विद्यापीठाचं नाव मात्र अजून जुनंच होतं, आणि त्या दिवसांत गावात कोण कुणाशी कसं बोलतं याला वजन होतं. अण्णांनी ती वही दोन्ही हातांनी घेतली. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि तो चांगला दोन दिवस टिकला.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी पहिली कादंबरी उघडली. चौथ्या पानावर नायकाने नायिकेच्या केसांत अडकलेलं झाडाचं पान काढलं. अण्णांनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि मला हाक मारली.

“बाई, हे जरा बघ. मी वह्या तपासायलोय.”

“मी वाचू?”

“बारावी झालीस न्हवं? वाच, अन् थोडक्यात सांग काय हाय ते.”

मी वाचली आणि सांगू लागले. दुसऱ्या वाक्याला त्यांना जांभई आली. “तूच लिही,” ते म्हणाले, “मी दस्तखत करतो.” निजामाच्या काळात उर्दूत चार इयत्ता शिकलेले अण्णा सहीला कायम दस्तखतच म्हणायचे.

तसे अण्णा कशावरही न वाचता सही करत. शाळेचे तक्ते, रेशनचे अर्ज, कुणाच्या कसल्या विनंत्या, पुढे कागद आला की पेन उघडायचंच. फक्त एका कागदावर त्यांची सही होत नव्हती. तो होता परभणीच्या कॉलेजचा माझा प्रवेश अर्ज.

“एकली राहणार, एकली येणार-जाणार. रोज कायबाय ऐकायला यायलंय. दिवस बरे न्हाईत, बाई. वर्षभर थांब,” असं म्हणून त्यांनी तो फडताळात ठेवला होता. मी थांबले. थांबून कादंबऱ्या वाचल्या, आणि त्या वर्षाचा सगळा राग त्या कादंबऱ्यांवर काढला, हे आता कबूल करायला हरकत नाही.

अभिप्राय अण्णांचा वाटावा म्हणून सुरुवातीला मी त्यांची शाळेतली भाषा उचलली. ‘भाषा बरी. वळण सुधारावे.’ ‘कल्पना चांगली, शिस्त नाही.’ पण माझ्याने फार दिवस असं आवरून लिहिणं झालं नाही. तीन कादंबऱ्यांत मिळून चार वेळा चहा उतू गेला, तेव्हा मी उखडलेच. नायक दारात आला की नायिकेचं स्टोव्हवरचं लक्ष उडतं. दूध-साखर कुणाच्या घरची जाते? माझी माय पाहुणा दारात असताना एक डोळा पातेल्यावर ठेवून त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायची, आणि थेंबभर सांडत नसे. मी हे सगळं वहीत लिहिलं, फक्त मायऐवजी ‘सौभाग्यवती’ घातलं.

एका कादंबरीत दोघं स्टेशनवर निरोप घेतात आणि तो निरोप अकरा पानं चालतो. मी लिहिलं, ‘पिंगळीला गाडी एवढा वेळ थांबत नाही. प्रवाशाने बोचके आधी आत टाकावे, प्रेम नंतर सांगावे. कुटुंबात देण्यास योग्य.’

जादूच्या कादंबऱ्यांशी माझं भांडण वेगळं होतं. मला राक्षस चालतो. माणसाचा पोपट झालेलाही चालतो. पण राजाच्या पदरी बाराशे हत्ती आहेत असं लिहिणाऱ्याने त्यांच्या वैरणीचं काय, तेही सांगावं. आमच्या एका म्हशीच्या कडब्यापायी अण्णांचे रविवार जात. सात डोंगरांपलीकडे आपला प्राण लपवून ठेवणारा राक्षस स्वतःच्या गुहेला साधी कडी लावत नाही, हेही मला कधी पटलं नाही. आणखी एका कादंबरीत पडक्या देवळाच्या तळघरात नायकाला नागकन्या भेटते. चारठाण्याची देवळं मी शाळेच्या सहलीत पाहिली होती. मला तिथे वटवाघळं भेटली. ‘लेखकाने एकदा प्रत्यक्ष देऊळ पाहावे,’ असं लिहून मी ती कादंबरी योग्य ठरवली, कारण तिने बिघडण्याइतकं जागं कुणी राहिलं नसतं.

बघता बघता पुस्तकांपेक्षा वहीलाच गिऱ्हाईक वाढलं. वर्तमानपत्राच्या टेबलाशी ती मोठ्याने वाचली जाऊ लागली. “गुरुजी वरून गंभीर, आतून लय खट्याळ,” असं लोक म्हणू लागले. बसस्टँडवर कुणीतरी अण्णांना थांबवून खो खो हसायचं, अण्णाही हसायचे, आणि घरी येऊन मला विचारायचे, “ते हत्तीचं काय लिहिलंस गं?” मी सांगितलं की पुन्हा एकदा हसायचे. हे दुसरं हसणं खरं असायचं.

त्या वर्षात एकच कादंबरी मला मनापासून आवडली, आणि मी सगळ्यात जास्त चिडले तीही तिच्यावरच. नायिका खेड्यातून शहरात येऊन टेलिफोन ऑफिसात नोकरी करते. तिचं खोलीभाडं खरं होतं, तुटलेल्या चपलेचा अंगठा खरा होता, तिला जीव लावणारा माणूसही खरा वाटण्याइतका कुरूप होता. आणि शेवटच्या वीस पानांत ही शहाणी नोकरी सोडून बापाकडे परत जाते. मी वहीत दीड पान भरून तिला आणि लेखकाला झापलं. अण्णांनी नेहमीप्रमाणे सही केली.

वर्ष सरलं. त्या वर्षीचा नवा प्रवेश अर्ज मी स्वतः भरून फडताळात ठेवला. त्याच महिन्यात वाचनालयाचा वर्धापनदिन आला, आणि कमिटीने ‘आजच्या कादंबऱ्या’ या विषयावर भाषणाला बोलावलं ते अण्णांना.

मी चार कागद लिहून दिले. ते हातात घेऊन बोलायला मात्र अण्णा तयार होईनात. “तीस वर्षं फळ्यापुढं उभा हाय मी. चिठ्ठी बघून बोलू काय?” त्यांनी सगळं पाठ केलं. पाठांतर चोख झालं, फक्त कादंबऱ्या एकमेकींत शिरल्या. भाषणात एका प्रेमाच्या कादंबरीतला डॉक्टर नायक आपला प्राण पोपटात ठेवून दवाखान्यात गेला आणि बाराशे हत्ती पिंगळीच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत उभे राहिले. लोकांना वाटलं, गुरुजी मुद्दाम करताहेत. खोली हसून हसून कोसळायची राहिली. अण्णांच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. मी बायकांच्या बाजूला बसून दात आवळत होते, कारण टाळ्या माझ्या होत्या.

तेवढ्यात सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई उभ्या राहिल्या. दूरच्या जिल्ह्यातून बदलीवर आलेल्या या बाई गावात एकट्या राहत आणि भरपूर वाचत.

“गुरुजी, ती टेलिफोन ऑफिसातली मुलगी शेवटी नोकरी सोडून वडिलांकडे गेली. ते तुम्हाला पटलं का?”

ही कादंबरी माझ्या चार कागदांत नव्हती. अण्णांनी क्षणभर वर पाहिलं, मग सावकाश म्हणाले, “पटलं की. लय योग्य केलं तिनं. दिवस बरे नसले की लेकरानं आपल्या घरी असावं. बापाच्या जिवाला तेवढाच घोर कमी.”

माना डोलल्या. अण्णा कादंबरीबद्दल बोलत नव्हते, फडताळातल्या कागदाबद्दल बोलत होते. हे त्या खोलीत मला एकटीला कळलं.

नर्सबाई गोंधळल्या. “पण वहीत तर तुम्ही दीड पान लिहिलंय, की तिनं चूक केली. मी ते वाचूनच पुस्तक नेलं होतं.”

वही तिथेच टेबलावर, फुलांच्या शेजारी, कौतुकाने मांडून ठेवली होती. ग्रंथपालकाकांनी ती उघडली, पान शोधलं, मनात वाचलं. मग हळूच म्हणाले, “दस्तखत तर तुमचंच हाय, गुरुजी.”

अण्णांचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथेच राहिला. आजोबांना जी पायरी चढता आली नाही ती चढून अण्णा वर आले होते, आणि माझ्या दीड पानापायी त्यांचा शब्द सगळ्यांदेखत खाली पडत होता. मी गप्प बसायला हवं होतं. अण्णांनी काहीतरी सारवासारव केली असती. पण चुकीचं मत मला सहन होत नाही, आजही होत नाही, आणि त्या दिवशी तर त्या मतावर माझं कॉलेज अडलेलं होतं.

मी उभी राहिले आणि ओरडलेच. “बापानं बोलावलंच न्हवतं तिला! त्यानं तर येऊ नको म्हणून पत्र टाकलं होतं!”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आता अण्णा खवळणार म्हणून मी डोळे मिटले.

“कोणतं पत्र?” अण्णांनी विचारलं.

त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. शाल, नारळ, लोक, सगळं विसरून ते माझ्याकडे बघत होते.

“शेवटी शेवटी तिला बापाचं पत्र येतं,” मी म्हणाले. “त्यात कायतरी वाईट असंल म्हणून ती घाबरते अन् उघडतच न्हाई. तसंच पिशवीत टाकते, राजीनामा देते अन् गाडीत बसते.”

“काय असतं त्या पत्रात?”

“लेखक सांगतो आपल्याला, मी बरा हाय. तू तिथंच राहा. तू तिथं पोचावंस म्हणूनच मी राबलो.”

“अन् तिनं ते न उघडताच...”

“न उघडताच.”

“मग बाप काय करतो?”

“तिला दारात बघून रडतो. लेखक म्हणतो, आनंदानं रडतो. मी म्हणते, न्हाई.”

अण्णांनी नारळ टेबलावर ठेवला. “मंडळी,” ते म्हणाले, “वहीतली सगळी मतं माझ्या लेकीची हायेत. दस्तखत तेवढं माझं. मी यातली एकबी कादंबरी वाचली न्हाई. वहीबी वाचली न्हाई. माझं चुकलं.”

दोघं-तिघं उठून बाहेर गेले आणि त्यांना जे बोलायचं होतं ते ओट्यावर जाऊन बोलले. आत मात्र ग्रंथपालकाकांनी वही पुन्हा पुन्हा चाळली. मग म्हणाले, “नियमात ‘जबाबदार माणूस’ लिहिलंय. बाई चालत न्हाई असं कुठंच लिहिलेलं न्हाई.” नर्सबाईंनी टाळी वाजवली, मग आणखी काही वाजल्या.

घरी उंबऱ्यात चप्पल काढता काढता अण्णा म्हणाले, “ते पुस्तक आणून दे.” दोन दिवस ते कादंबरी वाचत होते, हातात लाल पेन्सिल घेऊन. मायने दोनदा जेवायला हाक मारली, तर “थांब, तिची चप्पल तुटलीय,” असं उत्तर आलं. संपल्यावर त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, “फडताळातला कागद आण.”

मी तो आणून पुढे ठेवला. अण्णा सही करतील म्हणून मी पेन पुढे केलं, तर त्यांनी हात मागे घेतला. “आधी वाचू दे.” आणि त्यांनी तो अर्ज वाचला, पहिल्या ओळीपासून, मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेल्या होस्टेलच्या नियमांसकट. एका नियमावर ते अडले. “रविवारी संध्याकाळचं जेवण न्हाई? मग खाशील काय?”

“दशम्या नेईन.”

“हं.” त्यांनी सही केली, शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “पत्र टाकत जा. मी उघडतो.”

मी दर आठवड्याला परभणीहून पत्र टाकलं. दर आठवड्याला ते लाल शाईने तपासून परत आलं. पहिल्या पत्रावरचा शेरा मला अजून पाठ आहे. ‘भाषा बरी. वळण सुधारावे. जेवणाबद्दल सविस्तर लिहावे.’ खाली अण्णांची सही होती, वाचून केलेली.